बजेट दर महिन्याला वीस तारखेलाच का कोलमडतं? पंचवटीच्या ताईंना उत्तर

ताई, तुम्ही आकडे मोकळेपणाने दिलेत, म्हणून उत्तरही आकड्यांतच देते. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमची स्थिती थोडक्यात सांगते. नाशिकला पंचवटीत भाड्याचं घर, तुम्ही दोघं आणि दोन मुलं. यजमान अंबडला कंपनीत, हातात ३४,०००. तुम्हाला दवाखान्यातल्या नोकरीचे १४,०००. क्रेडिट कार्डावर १,२०,००० थकलेत, पर्सनल लोनचा हप्ता ८,२००, फ्रीज आणि मोबाईलचा मिळून २,९००. दिवाळीनंतर दर महिन्याला वहीत बजेट मांडता, कार्ड लवकर फिटावं म्हणून त्याला १०,००० भरता, आणि १८-२० तारखेला घरात पैसे उरत नाहीत. तुमचे प्रश्न तीन: खर्चाला आणखी कात्री कुठे लावू, सोनं मोडू का, आणि गावी सासूबाईंना पाठवतो ते ३,००० थांबवू का.

मी पतसंस्थेच्या कर्ज विभागात नोकरी केली आहे आणि अशी पुष्कळ घरं जवळून पाहिली आहेत. तुमच्या वहीत मला उधळपट्टी कुठेच दिसली नाही. तुमचं बजेट फसतं ते कर्जाला झेपत नाही इतकं भरल्यामुळे. हे वाचायला उलटं वाटेल, म्हणून तुमचाच हिशेब मांडते.

भाडं १०,५००, पर्सनल लोन ८,२००, फ्रीज-मोबाईल २,९००, मोठीची स्कूल बस १,४००, भिशी ३,०००, लाईट-गॅस-मोबाईल-नेट ३,४००, सासूबाई ३,०००. झाले ३२,४००. अठ्ठेचाळीस हजारांतून उरले १५,६००. त्यातून कार्डाला १०,००० गेले की चार माणसांच्या दूध, किराणा, भाजी, पेट्रोल आणि औषधपाण्याला ५,६०० राहतात. रोज लिटरभर दूध घेतलं तरी त्याचेच सतराशे-साडेसतराशे होतात. म्हणजे ५,६०० मध्ये महिना काढणं कोणालाच जमणार नाही. मग १८ तारखेला किराणा कार्डावर येतो, पेट्रोल कार्डावर येतं. पहिल्या आठवड्यात तुम्ही दहा हजार भरता आणि शेवटच्या दहा दिवसांत त्यातले सहा-सात हजार पुन्हा कार्डावर चढतात. वर मनाला लागतं, की आपल्याला घर चालवता येत नाही. तसं अजिबात नाहीये, ताई.

आता कार्डाचं स्टेटमेंट उघडा आणि व्याजाची ओळ शोधा, बहुतेक ‘फायनान्स चार्जेस’ असं लिहिलेलं असेल. बऱ्याच कार्डांचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. १,२०,००० वर महिन्याचं व्याज ४,२००, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७५६. एकूण ४,९५६. नुसता ‘मिनिमम ड्यू’ म्हणून सहा हजार भरले, तर मुद्दल हजार-अकराशेनेच हलतं. दुसरी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मागची बाकी पूर्ण फेडलेली नसेल, तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. २० तारखेला कार्डावर घेतलेल्या तेल-साखरेला त्या दिवसापासून व्याज सुरू होतं.

तर पहिलं काम म्हणजे घरखर्चाला खरा आकडा लावणं. तुमच्या वहीतल्या मागच्या नोंदींवरून मी धरलंय: किराणा ६,०००, दूध १,७५०, भाजी-फळं २,४००, पेट्रोल १,६००, किरकोळ औषधं, सलून वगैरे ९००. बेरीज १२,६५०. यातून आणखी काही काढायला जाऊ नका. मुलांचं दूध किंवा फळं कमी करून कर्ज फिटत नाही, घरात चिडचिड तेवढी वाढते. १५,६०० मधून हे वजा केलं की उरतात २,९५०. कार्डाचं नुसतं व्याजच ४,९५६ आहे. म्हणजे पगारातून काटकसर करून हे कार्ड फिटणारच नाही. ते दुसरीकडून पैसे आणून एकदाच बंद करावं लागेल.

इथे सोन्याचा प्रश्न येतो. मोडू नका, तारण ठेवा. मोडताना घडणावळ गेलेलीच असते, वर सोनार घट धरतो, आणि पुन्हा करायला गेलात की मजुरी नव्याने. बँकेत किंवा नोंदणीकृत पतसंस्थेत सोनेतारण कर्ज वर्षाला नऊ-दहा टक्क्यांपासून बारापर्यंत मिळतं. कार्डाचं व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर जातं, हा फरक समोर ठेवा. मंगळसूत्राला हात लावायची गरज नाही. तुमच्या चार तोळ्यांपैकी एक-दोन तोळ्यांत काम होईल, पाटल्या पुरतील.

त्याआधी भिशीकडे बघा. पंधरा जणींची भिशी, पाच हप्ते राहिलेत आणि तुमचा नंबर अजून लागलेला नाही, असं तुम्ही लिहिलंय. बऱ्याच भिश्यांमध्ये अडचण असलेल्या बाईला पुढचा नंबर मागता येतो आणि सहसा मिळतो. लाजू नका, मागा. ४५,००० तुमच्या हक्काचे आहेत. ते ४५,००० आणि सोन्यावर ७५,००० मिळून कार्ड एका दिवसात शून्यावर येतं. भिशीचा नंबर मिळाला नाही तर सगळे १,२०,००० सोन्यावर घ्या आणि भिशी आली की त्यातून ४५,००० लगेच भरा. बँकेत मागताना सांगा, दरमहा व्याज भरायचं आणि मुद्दल जमेल तसं भरता येईल अशा प्रकारचं कर्ज हवं. वर्षअखेरीस एकरकमी भरायचं कर्ज घेऊ नका. त्यात बाराव्या महिन्यात मुद्दल आणि व्याज एकदम अंगावर येतं आणि ते चुकलं की दागिन्याच्या लिलावाची नोटीस येते. आमच्याकडे सोनं गमावणारे लोक बहुतेक याच प्रकारात अडकलेले असायचे.

कार्ड शून्यावर आणल्यावर पुढच्या महिन्यात थोड्या रकमेचं बिल तरी येईल. स्टेटमेंट निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज असतं. घाबरू नका, तेही पूर्ण भरा. आणि त्याच दिवशी बँकेला सांगून कार्डाची मर्यादा १५-२० हजारांवर आणा, खरेदीच्या आणि जेवण मागवायच्या ॲपांतून कार्ड काढून टाका. ही पायरी सोडली आणि कार्ड पुन्हा भरलं, तर पाटल्याही बँकेत आणि कर्जही डोक्यावर, अशी दुहेरी अडचण होते. ज्यांना वाटतं आपल्याला हे सांभाळणार नाही, त्यांनी कार्ड बंदच करावं.

पर्सनल लोनला सध्या हात लावू नका. ते १५ टक्क्यांचं आहे, दर ठरलेला आहे आणि मुदतीआधी बंद करायला बँक शुल्क लावते. हप्ता वेळेवर जाऊ द्या, एवढंच.

आता ज्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त सांगायचंय तो. तुमच्या वहीत प्रत्येक महिना सारखाच आहे. आपल्या घरात एकही महिना दुसऱ्यासारखा नसतो. जूनमध्ये फी आणि वह्या-पुस्तकं, भाद्रपदात गणपतीला गाव, नंतर दिवाळी, कधीतरी गाडीचा विमा, मार्गशीर्षापासून लग्नसराईचे आहेर, पावसाळ्यात मुलांचा ताप. कधी त्यात अधिक महिनाही येतो. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे नणंदेच्या घरच्यांना धोंड्याचं जेवण आणि वाण, आणि तेही नेमकं शाळा सुरू होण्याच्या तोंडावर. हे खर्च ‘अचानक’ येत नाहीत. त्यांची तारीख आपल्याला आधीपासून माहीत असते, वहीत मात्र त्यांना जागा नसते.

म्हणून कालनिर्णय भिंतीवरून काढा आणि दोघांनी मिळून बारा पानांवर पेन्सिलीने खर्च लिहा. तुमच्या माहितीवरून माझा अंदाज असा: शाळा १२,०००, गणपती ३,०००, गाडी ३,५००, आहेर ४,०००, आजारपण ५,०००, दिवाळी ८,०००. दिवाळी यजमानांच्या बोनसमधूनच करायची, बोनस उरला तर तो सोन्याच्या मुद्दलात. आहेर या वर्षी १,५०० मध्ये बसवा. जवळच्या घरी जा, हातभार लावा, पाकीट छोटं ठेवा. धोंड्यालाही तसंच. घरी पुरणाचे धोंडे करा, चांदी पुढच्या अधिक महिन्याला. माणसं समजून घेतात, आणि जी घेत नाहीत त्यांच्यासाठी व्याज भरू नये. असं केल्यावर वर्षाचे २५,००० होतात, महिन्याला साधारण २,१००.

हे २,१०० पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका, ज्याला यूपीआय जोडलेलं नाही. पोस्टातलं बचत खातं यासाठी उत्तम, कारण सहसा तिथे जाऊन पैसे काढावे लागतात. आरडी करू नका, जूनमध्ये ती मोडावी लागेल. आत्ता सुरुवात केली तर जूनपर्यंत फीपुरते पैसे जमतील.

मग चित्र असं दिसतं. २,९५० मधून सोन्याचं व्याज ६२५ आणि हे २,१०० गेले की उरले २२५. पहिले पाच महिने असेच जाणार, मुद्दल हलणार नाही. खरं सांगायचं तर हाच काळ अवघड असतो, कारण काही घडतंय असं दिसत नाही. पण व्याज ४,९५६ वरून ६२५ वर आलेलं असतं. पाच महिन्यांनी भिशीचे ३,००० आणि फ्रीज-मोबाईलचे २,९०० एकदम मोकळे होतील. ते ५,९०० त्याच महिन्यापासून सोन्याच्या मुद्दलात गेले पाहिजेत, नवी भिशी नाही आणि नवा हप्ता नाही. त्या गतीने साधारण तेरा महिन्यांत पाटल्या घरी येतात. मध्ये वर्ष पुरं झालं की कर्जाचं नूतनीकरण करावं लागेल, त्या वेळी व्याज थकलेलं नसावं. आणि ते २२५ रुपये कर्जात टाकू नका. तुमच्या दोघांचे आहेत, गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, गेलात तर भेळ खा.

रोजच्या खर्चासाठी माझा भर रोख पैशांवर आहे. भाजी, पेट्रोल आणि किरकोळ मिळून महिन्याचे ४,९००. तुमच्याकडे गंगेवर बुधवारचा बाजार भरतो, तर आठवडा बुधवारी सुरू करा. दर बुधवारी ११०० रुपये काढा: यजमानांच्या खिशात पेट्रोलचे ३५०, बाकी तुमच्या पर्समध्ये. यूपीआयवर वीस-तीस रुपये कुठे गेले ते कळत नाही, पर्समधली नोट संपली की दिसते. मंगळवारी पैसे कमी पडले तर घरात मटकीची उसळ किंवा पिठलं होईल, कार्ड निघणार नाही. किराण्याची यादी करून एकदाच वाण्याकडून आणा, पण सहा हजारांतले दीड हजार पंधरा तारखेसाठी राखून ठेवा. वर्षाचे गहू-तांदूळ एप्रिलमध्ये भरायची सवय असेल तर या वर्षी उधारीवर भरू नका, महिन्याचे महिन्याला घ्या.

सासूबाईंचे ३,००० थांबवू नका. त्यातच त्यांच्या बीपीच्या गोळ्या येतात असं तुम्हीच लिहिलंय. गोळ्या बंद झाल्या तर पुढचा खर्च तुमच्याच दाराशी येणार, आणि तोपर्यंत दोघांच्या मनाला लागून राहणार ते वेगळंच. त्यांना कर्जाबद्दल मात्र सांगा. त्या पिढीने उसनवारीवर संसार काढलेत, त्या धीर देतील असाच माझा अनुभव आहे.

शेवटी मोबाईलवर ‘दोन मिनिटांत कर्ज’ देणाऱ्या ॲपबद्दल, कारण २० तारखेला जाहिरात नेमकी तीच दिसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाचे पैसे थेट तुमच्या खात्यात आले पाहिजेत, सगळा खर्च दाखवणारं पत्रक आधी मिळालं पाहिजे, आणि ॲपला तुमच्या फोनमधले नंबर वा फोटो मागता येत नाहीत. जे ॲप ते मागतं ते लगेच काढून टाका. गल्लीतला कोणी महिन्याला पाच-दहा टक्क्यांनी देत असेल तर तो विनापरवाना आहे असं समजा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने तो गुन्हा आहे आणि तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करता येते. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. आला तर वेळ आणि नंबर लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा.

कार्डाची बँक ‘कमी रकमेत मिटवून टाका’ म्हणाली तरी तुम्ही हो म्हणू नका. सिबिलच्या, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींच्या, अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढे घराचं कर्ज मागताना तोच आडवा येतो. तुमचं कार्ड पूर्ण फिटू शकतं, तेव्हा पूर्णच फेडा. पैसे भरल्यावर बँकेकडून बाकी नसल्याचं पत्र मागून घ्या. भिशीत नंबर मिळाला की इथेच कळवा, सोनेतारणाच्या अर्जात कोणते रकाने नीट वाचायचे ते त्या वेळी सांगते.