आवाज चांगला नसेल तर भजनी मंडळात जावं का?

शाळेत ‘तू नुसते ओठ हलव’ असं ऐकलेलं, आणि आता सोसायटीतलं भजनी मंडळ बोलावतंय. जाऊन मिळणार काय, असं तुम्ही विचारलंय. जा हो, खुशाल जा. आमच्या मंडळात निम्म्या जणी अशाच आहेत, मीसुद्धा त्यातलीच.

भजनात सगळ्यांनी बुवा व्हायचं नसतं. पुढची बाई चरण म्हणते, बाकीच्यांनी धृपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, धरायचं. खुद्द तुकोबा एका अभंगात सांगतात की सुरुवातीला ते पुढे गाणाऱ्यांचं धृपद धरायचे! मग आपल्याला कसली लाज?

खरी मजा श्वासात आहे. माझा दम संपतो तिथे शेजारची ओळ ओढून नेते, तिचा संपला की मी. ओळ तुटतच नाही. पखवाजवाला भजनी ठेक्याची लय चढवतो, टाळ त्याच्यामागे धावतात, आणि दिवसभर ज्या सुनेबद्दल डोक्यात खलबतं चाललेली असतात ती त्या वेळी आठवतही नाही.

यामागे थोडं शास्त्रही आहे. 2013 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते एकदमच वाढत-कमी होत होते. कारण साधं: ओळ एक, म्हणून श्वास सोडण्याची वेळही साधारण एक, आणि ठोके श्वासाबरोबर कमी-जास्त होतात. 2015 च्या एका ब्रिटिश अभ्यासात गायन, हस्तकला आणि लेखन शिकणाऱ्या प्रौढांची तुलना केली होती. गाणाऱ्यांची गट्टी लवकर जमली. बाकीचेही काही महिन्यांनी तेवढेच जवळ आले म्हणा. ‘भजनाने शुगर उतरते’ असले फॉरवर्ड मात्र मी वाचून सोडून देते. गोळ्या चालू ठेवा.

पहिल्या दिवशी माईकपासून लांब आणि एखाद्या खणखणीत आवाजाच्या बाईशेजारी बसा; तिच्या सुरात आपला आपोआप मिसळतो. टाळ लगेच हातात घेऊ नका, एक चुकार टाळ अख्ख्या मंडळाला ऐकू येतो. पट्टी चढी वाटली तर ताणू नका, खालच्या सप्तकात म्हणा. आणि हो, मंडळ म्हटलं की ‘आज गौळण कोण म्हणणार’ यावरून रुसवेफुगवे आलेच. तेवढ्या वेळात चहा ठेवायला उठायचं.