‘रेगे’ : राजाचे संगीत की फाटक्या कपड्यांचे?

एका वाचकाने विचारले आहे की जमैकातील संगीतप्रकाराचे नाव मराठीत ‘रेगे’, ‘रेग्गे’ की ‘रेगी’ असे लिहावे, आणि या शब्दाचा मूळ अर्थ ‘राजाचे संगीत’ असून तो तिथले विख्यात गायक बॉब मार्ली यांनी रूढ केला, हे खरे आहे काय.

लेखनाचा प्रश्न लवकर मिटतो. इंग्रजी लेखनात ‘ग’चे अक्षर दोनदा येते, ते आधीचा स्वर ऱ्हस्व आहे हे दाखवण्यापुरते, उच्चारात द्वित्व नाही, म्हणून ‘रेग्गे’ नको. शेवटचा स्वर ‘ए’ आहे, म्हणून ‘रेगी’ही नको. ‘रेगे’ लिहिले तर आडनावाशी गोंधळ होईल, अशी भीती काहींना वाटते. परंतु ‘रेगेच्या तालावर’ असे वाचून पु. शि. रेगे यांच्या कवितांना लावलेल्या चाली कोणाच्या डोळ्यांसमोर येतील असे मला वाटत नाही. शिवाय सामान्यरूपातच दोघांची फारकत होते. आडनावाचे ‘रेग्यांचे’ होते, संगीताचे मात्र ‘रेगेचे’, ‘रेगेत’, कारण ‘कॅफे’चे ‘कॅफ्यात’ कोणी करत नाही.

आता राजाकडे वळू. ही व्युत्पत्ती मी इतक्या निवेदकांच्या तोंडून इतक्या ठामपणे ऐकली आहे की तिचा समाचार घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिचे दोन अवतार आहेत. पहिल्यात शब्द स्पॅनिश ठरतो आणि त्याला मार्ली यांची साक्ष काढली जाते; दुसऱ्यात लॅटिनमधील ‘राजा’ या शब्दाची चतुर्थी, ‘रेगी’, पुढे केली जाते. स्पॅनिशमध्ये राजाला ‘रेइ’ म्हणतात, त्यात ‘ग’ कुठेच नाही. आणि इंग्रजांनी 1655 साली जमैका स्पेनकडून घेतल्यावर तीनशे वर्षांनी राजधानी किंग्स्टनच्या गल्लीत एक स्पॅनिश शब्द अचानक उगवला, हे मानायला भाबडेपणा हवा. लॅटिनवाल्यांबद्दल इतकेच म्हणतो की त्यांना विभक्त्या पाठ आहेत, किंग्स्टन ठाऊक नाही. राजाची कल्पना लोकांना का आवडली हे समजण्यासारखे आहे. जमैकातील रास्ताफारी या धार्मिक पंथाचे लोक ज्यांना दैवत मानत, ते इथिओपियाचे सम्राट हायले सेलासी 1966 च्या एप्रिलमध्ये जमैकाला आले आणि विमानतळावर लोटलेल्या गर्दीची कथा तिथे आजही सांगितली जाते. पंथ आणि संगीत एकत्र आल्यावर शब्दालाही मागाहून मुकुट चढवला गेला. भक्ताच्या दृष्टीने तो अर्थ खरा असेल, पण त्याला व्युत्पत्ती म्हणू नये.

हा शब्द ध्वनिमुद्रिकेवर आणण्याचा मान मार्ली यांचा नाही, तो गायक फ्रेडरिक नॅथनियल हिबर्ट यांचा, म्हणजे सर्वांच्या ‘टूट्स’ यांचा. त्यांच्या मेटल्स या त्रिकुटाचे ‘डू द रेगे’ हे गाणे 1968 साली निघाले आणि त्याच्या शीर्षकात हा शब्द आजच्यापेक्षा वेगळ्या अक्षरांत, शेवटी ‘वाय’ घालून, छापला गेला. इथेही एक भेद राखला पाहिजे. रेगेचा ठेका सर्वांत आधी कोणत्या गाण्यात वाजला, यावर वाद आहे आणि गायक लॅरी मार्शल यांच्या ‘नॅनी गोट’चे नाव त्यात हटकून निघते. मी शब्दाविषयी बोलतो आहे, ठेक्याविषयी नाही.

टूट्स यांचा जन्म 8 डिसेंबर 1942 रोजी क्लॅरेंडन परगण्यातील मे पेन या गावी झाला. (जमैकात ‘पेन’ म्हणजे गुरे राखण्याची वाडी, आपल्या रायगडातील पेणशी त्याचा सुतराम संबंध नाही.) आईवडील सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे उपदेशक होते आणि मुलाचा गळा चर्चमध्येच तयार झाला. लहानपणीच पोरके झाल्यावर ते किंग्स्टनच्या ट्रेंच टाउनमध्ये भावाकडे आले आणि केशकर्तनालयात काम करू लागले. गंमत अशी की ट्रेंच टाउनचेही जुने नाव ‘ट्रेंच पेन’च, ते ट्रेंच नावाच्या जमीनदारावरून पडले, तिथल्या सांडपाण्याच्या चरांवरून नाही. तिथे त्यांना रॅली गॉर्डन आणि जेरी मथायस हे दोन साथीदार भेटले. तिघांनी आधी कॉक्सन डॉड यांच्या स्टुडिओ वनसाठी, मग प्रिन्स बस्टर यांच्यासाठी आणि पुढे बायरन ली यांच्यासाठी, अशी एकेका निर्मात्यासाठी गाणी केली. स्वातंत्र्योत्सवाची लोकप्रिय गीतांची पहिली स्पर्धा 1966 साली झाली, ती त्यांच्या ‘बॅम बॅम’ने जिंकली.

पाठोपाठ गांजा बाळगल्याच्या आरोपावरून टूट्स तुरुंगात गेले. आपल्याला मुद्दाम अडकवले, असे ते पुढे सांगत राहिले, आणि सुटल्यावर ‘54-46’ या कैद्याच्या क्रमांकाचे गाणे करून त्यांनी त्या प्रकरणाचे सोने केले. शब्दांच्या नादी लागलेल्याला इथे थांबावेच लागते. जमैकाचा कायदा ज्याला ‘गांजा’ म्हणतो तो शब्द आपलाच आहे. 1845 पासून मळ्यांवर नेलेल्या हिंदुस्थानी गिरमिटियांबरोबर तो तिथे गेला आणि 1913 च्या बंदीच्या कायद्यातही त्याच नावाने बसला. उत्तम प्रतीच्या गांजाला तिथे ‘कॉली’ किंवा ‘काली’ म्हणतात. हे नाव कालीमातेवरून आले असे सांगणारे अनेक आहेत. मला ते पटत नाही. भांग पानांची आणि गांजा फुलोऱ्याचा, हा भेद ज्याला ठाऊक आहे, त्याला हिंदीतील ‘कली’, म्हणजे आपली ‘कळी’, अधिक जवळची वाटेल. देवीला कशाला मध्ये ओढायचे?

तुरुंगातून आल्यावर टूट्स लेस्ली काँग या निर्मात्याकडे गेले. काँग हे चिनी वंशाचे जमैकन. ऑरेंज स्ट्रीटवर भावांसह त्यांचे ‘बेव्हर्लीज’ नावाचे दुकान होते, तिथे आइस्क्रीमही मिळे आणि ध्वनिमुद्रिकाही. त्याच नावाच्या छापाखाली ‘डू द रेगे’ बाहेर पडले. शब्द कुठून आला, हे टूट्स यांनी अनेकदा सांगितले आहे. वस्तीत ‘स्ट्रेगे’ असा एक शब्द होता. अजागळ, नीट कपडे न केलेल्या मुलीला पोरे तो लावत. एका सकाळी साथीदारांबरोबर वाजवत बसले असताना आपल्या तोंडून ‘रेगे’ निघून गेले आणि त्याचे गाणे झाले, असे ते म्हणत. पुढे पुढे ते ‘रेग्युलर’ म्हणजे सामान्य माणसांचे संगीत अशीही फोड करू लागले. ही फोड सरळसरळ पश्चातबुद्धी आहे. गायकाला आपल्या शब्दाचे कुळ ठाऊक असतेच असे नाही. गायक क्लॅन्सी एकल्स यांनीही या शब्दावर हक्क सांगितला आणि निर्माते बनी ली यांनी तर तो ऑर्गनच्या ठेक्याचा आवाज ठरवला, म्हणजे जवळजवळ तबल्याचा बोल.

मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो तो कॅसिडी आणि ल पाज यांचा जमैकन इंग्रजीचा कोश. तो 1967 साली प्रथम निघाला आणि 1980 मध्ये वाढवला गेला. त्यात ‘रेगे’चे आजचे लेखन हे ‘रेगे-रेगे’मधल्या ‘रेगे’चे अलीकडे रूढ झालेले लेखन म्हणून नोंदवले आहे, आणि ‘रेगे-रेगे’चे अर्थ दोन दिले आहेत: एक, चिंध्या, फाटके कपडे, दुसरा, भांडण, तंटा. ही नोंद वाचली की मी खूश होतो. चिंध्यांचा आणि भांडणाचा संबंध काय, असे इंग्रजी वाचकाला वाटेल. मराठी वाचकाला वाटू नये, कारण आपल्याकडे भांडण हातघाईवर आले की लक्तरे वेशीवर टांगली जातात. द्विरुक्तीही आपल्या ओळखीची आहे. जमैकन बोलीत पसाऱ्याला ‘चाका-चाका’ म्हणतात, चिखलाला ‘पोटो-पोटो’. आपल्या कटकट, किरकिर, रडारड यांच्या पंगतीत हे शब्द सहज बसतील.

मग टूट्स यांच्या ‘स्ट्रेगे’चे काय? ‘स्ट्रेगे’तून अक्षरे गळून ‘रेगे’ झाले, असे सर्रास लिहिले जाते, आणि इथे माझा मतभेद आहे. जमैकन बोलीत आरंभीचा ‘स’ गळतो हे खरे: ‘स्टँड’चे ‘टॅन’, ‘स्क्रॅच’चे ‘क्रॅच’, ‘स्ट्रिंग’चे ‘ट्रिंग’. परंतु या प्रत्येक उदाहरणात ‘स’च्या मागचे व्यंजन टिकून राहते. त्या न्यायाने ‘स्ट्रेगे’चे ‘ट्रेगे’ व्हायला हवे होते, आणि ‘ट्रेगे’ तर कुठेच आढळत नाही. म्हणून माझा तर्क उलटा आहे: ‘रेगे’ म्हणजे चिंधी हा शब्द आधीचा, आणि ‘स्ट्रेगे’ हे त्यालाच हेटाळणीसाठी पुढे अक्षरे जोडून घडवलेले रूप. हा तर्क माझा आहे, कोशकारांचा नाही. परंतु तो धरला तर टूट्स यांची आठवण आणि कोशाची नोंद एकमेकींना छेद देत नाहीत, दोघी फाटक्या कपड्यांपाशीच येऊन थांबतात.

टूट्स यांची गाणीही राजदरबारी नव्हती. 1969 ची स्पर्धा जिंकणारे ‘स्वीट अँड डँडी’ हे एका खेड्यातल्या लग्नाचे गाणे. नवरी खोलीत रडते आहे, नवरामुलगा दुसऱ्या खोलीत कुरकुरतो आहे, वडीलधारे समजूत घालत आहेत आणि लग्नाच्या केकला एक पौंड दहा शिलिंग मोजले आहेत. 1972 च्या ‘द हार्डर दे कम’ या चित्रपटात हे त्रिकूट स्टुडिओत हेच गाणे गाताना दिसते आणि टूट्स यांचा तो चर्चमध्ये घोटलेला, मध्येच आर्त आरोळी मारणारा आवाज जमैकाबाहेर पोहोचला. काँग 1971 मध्ये अकाली वारल्यावर ते पुन्हा बायरन ली यांच्याकडे आले होते आणि गटाचे नाव ‘टूट्स अँड द मेटल्स’ झाले. ‘फंकी किंग्स्टन’, ‘रेगे गॉट सोल’ हे संग्रह याच दशकातले. ‘ट्रू लव्ह’ला 2005 साली सर्वोत्कृष्ट रेगे संग्रहाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले, टूट्स यांना 2012 मध्ये ऑर्डर ऑफ जमैका हा सन्मान मिळाला. 11 सप्टेंबर 2020 रोजी किंग्स्टनमध्ये ते निवर्तले. आदल्याच महिन्यात आलेल्या ‘गॉट टू बी टफ’ला पुढच्या वर्षी मरणोत्तर ग्रॅमी मिळाले.

एक तक्रार नोंदवून ठेवतो, ती प्रश्नकर्त्यासाठी नसून निवेदकांसाठी आहे. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या प्रत्येक गाण्याला ‘रेगे’ म्हणण्याची खोड सोडावी. मिली स्मॉल यांचे 1964 चे गाजलेले ‘माय बॉय लॉलिपॉप’ हे स्का, म्हणजे रेगेच्या आधीच्या जमैकन संगीतप्रकारातले आहे. त्याला रेगे म्हणणे म्हणजे मूल जन्माला येण्याआधीच बारसे उरकणे. 1966 च्या सुमारास स्काची गती मंदावून रॉकस्टेडी हा प्रकार आला आणि त्याच्यामागून, 1968 मध्ये, रेगे. कॅलिप्सो तर मुळात त्रिनिदादचे, जमैकाचे नव्हेच.