गाडीची बॅटरी नवी टाकली तरी चार दिवसांत का उतरते?

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांपूर्वी बॅटरी बदलली, तरी गाडी चार दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही. आणि शेवटी लिहिलंय, 'घरचे म्हणतात मीच काहीतरी चालू ठेवते.' ती शेवटची ओळ वाचली म्हणून उत्तर लिहायला बसले.

आमच्याकडे हे चौदा महिने चाललं. साताऱ्याला घर, पेट्रोल गाडी, 35 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) बॅटरी. शनिवार-रविवार गाडी माझ्या दिरांकडे, मग गुरुवारी मुलीला क्लासला सोडायला मी काढायचे. किल्ली फिरवली की नुसतं टक्-टक्-टक्. मग शेजाऱ्यांना हाक मारा, धक्का मारा. आणि संध्याकाळी ठरलेलं वाक्य, "वहिनी, आतला लाईट राहिला असेल बघा." रविवारी रात्री गाडी लावलेली असायची भाऊजींनी, पण बंद पडलेली सापडायची मला, म्हणून चूक माझी.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. लग्नाआधी तीन वर्षं यूपीएस दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये होते, दिवसभर बॅटऱ्याच हाताळायचे. पहिल्याच महिन्यात म्हटलं होतं की गाडी बंद असताना किती करंट जातो ते मोजू. सासरे म्हणाले, गॅरेजवाल्याला जास्त कळतं. गॅरेजवाल्याने दोन बॅटऱ्या विकल्या. मीटर एकदाही लावला नाही.

शेवटी एका रविवारी दुपारी सगळे लग्नाला गेले होते, तेव्हा मी बॉनेट उघडलं. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली आणि केबल व टर्मिनलच्या मध्ये मल्टिमीटर लावला, 10 अँपिअरच्या सॉकेटवर. दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केलं, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते बंद वाटतं. किल्ली घरात ठेवली आणि अर्धा तास हात लावला नाही, कारण गाडीतले कंट्रोल युनिट लगेच झोपत नाहीत आणि सुरुवातीचं रीडिंग फसवं असतं. अर्ध्या तासाने मीटरवर 0.35 अँपिअर. साधारण 0.05 च्या आत असायला हवं.

मग डॅशबोर्डखाली आडवी होऊन, मोबाईलचा टॉर्च दातात धरून एकेक फ्यूज काढत गेले. काढायचा, मीटर बघायचा, परत लावायचा. सहाव्या फ्यूजला आकडा धाडकन 0.03 वर आला. तो फ्यूज स्टिरिओचा होता.

स्टिरिओ बाहेरून बसवलेला. मागे पिवळी वायर असते, ती बॅटरीवर कायमची. लाल वायर किल्लीवर हवी. फिटिंगवाल्याने दोन्ही एकत्र पिळून काळी टेप मारली होती, म्हणजे स्क्रीन काळी पण आत सेट जागाच. आणि असं का केलं? भाऊजींनीच सांगितलं होतं, किल्ली न लावता गाणी वाजली पाहिजेत.

हिशोब साधा आहे. 0.35 गुणिले 24, म्हणजे दिवसाला 8.4 एएच. 35 ची बॅटरी चौथ्या दिवशी संपते, स्टार्टर तर त्याच्या आधीच कुंथायला लागतो. तुमचेही चार दिवसच आहेत, म्हणून बाहेरून बसवलेलं जे काही असेल ते आधी बघा: स्टिरिओ, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर. नंतर डिकीचा आणि ग्लोव्ह बॉक्सचा दिवा. मीटर न लावता "बॅटरी गेली" म्हणणाऱ्या माणसाला पैसे देऊ नका.

सासरे अजून रोज सकाळी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतात, चार्ज होते म्हणून. ती फारशी होत नाही. सेल्फ मारतानाच शंभराच्या वर अँपिअर जातात आणि आयडलिंगला अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) धड भरतही नाही. चार्ज करायची तर अर्धा-पाऊण तास हायवेला घ्या. माझ्या दृष्टीने ती पाच मिनिटं म्हणजे पेट्रोलची नासाडी. हे मी तोंडावरही सांगितलंय.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. हायब्रिड गाडी असेल तर यातलं काहीही घरी करू नका. स्टार्ट-स्टॉपवाली (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणारी) असेल तरी जाणकाराकडेच न्या. आणि गाडी बंद असताना करंट कुठे जातोय ते सापडलं नाही तर इंजिन चालू ठेवून टर्मिनलवर व्होल्टेज बघा. 13.8 ते 14.5 च्या आसपास नसेल तर दोष चार्जिंगच्या बाजूला आहे. बॅटरी पूर्ण भरून, इंजिन बंद करून रात्रभर ठेवली तर 12.6 व्होल्ट दिसायला हवं. वारंवार पूर्ण उतरलेली बॅटरी नवी असली तरी आतून खराब होते, त्यामुळे कारण सापडल्यावरही तुमची बॅटरी कदाचित वाचणार नाही.

आमची लाल वायर मी स्वतः किल्लीच्या लाईनवर जोडली. त्या रात्री 0.35, 0.03 आणि 8.4 हे तीन आकडे कागदावर लिहून भाऊजींसमोर ठेवले. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "पण मग गाणी कशी लावायची?"

मी म्हटलं, किल्ली लावून.