बॉस बदलला, भांडण तेच

तुम्ही लिहिता: तीन नोकऱ्या, आणि तिन्ही बॉस सुरुवातीला देवमाणूस वाटले. कुणी न सांगता जादा कामं अंगावर घेतलीत, वर्षभरात ‘यांना माझी किंमतच नाही’ असं वाटू लागलं आणि एका किरकोळ शेऱ्यावरून राजीनामा दिलात. वडिलांनी कधी कौतुक केलं नाही त्याचा हा परिणाम, हेही तुम्हाला उमगलंय. तरी चौथ्या ठिकाणी तेच सुरू आहे. कळूनही वळत का नाही, हा तुमचा प्रश्न.

वडिलांचं स्पष्टीकरण खरं असेलही, पण सध्या तुम्ही त्याच्या आडोशाला बसला आहात. माणसाला जे आठवत नाही ते तो कृतीतून पुन्हा करतो, असं फ्रॉइडनं १९१४च्या एका निबंधात मांडलं. नुसतं कारण दाखवून दिल्यानं ते थांबत नाही, मनाच्या विरोधाशी बराच काळ झुंजावं लागतं, हेही त्यात आहे. तेव्हा ‘का’ बाजूला ठेवा आणि ‘नेमकं कसं’ ते शोधा.

राजीनाम्याचा दिवस सोडून द्या, तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांतला प्रत्येक नोकरीतला एक प्रसंग घ्या. समोरच्याचे जसेच्या तसे शब्द, तेव्हा शरीरात काय झालं, मनात उमटलेलं पहिलं वाक्य आणि पुढच्या दिवसभरात तुम्ही काय केलंत किंवा गिळलंत, एवढं लिहा. तिन्ही पानं शेजारी ठेवा. शब्द वेगळे निघतील, शेवटची नोंद बहुधा सारखी असेल. पत्रावरून आमचा अंदाज असा, की तुम्ही कधी काही मागितलंच नाही, त्यांनी ओळखावं म्हणून वाट पाहिलीत.

मग शेऱ्याला आणि रागाला दहापैकी वेगवेगळे गुण द्या. शेरा दोन आणि राग नऊ असेल, तर मधले सात त्या शेऱ्याचे नाहीत. मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग शब्द-साहचर्याच्या चाचणीत एकेक शब्द देऊन सुचेल ते उत्तर मागे आणि लागलेला वेळ मोजे. उत्तर जिथे अडखळे तिथे भावनेनं भारलेला गंड, म्हणजे मनात दडलेली आठवणी-भावनांची गाठ, असल्याची शंका घेई. तुमच्या बाबतीत तो शेरा हाच चाचणीचा शब्द. (सगळं तुमच्याच मनातलं, असं मात्र समजू नका. एखादा बॉस खरोखर कृतघ्न असू शकतो. प्रक्षेपणालाही, म्हणजे आपल्या मनातलं दुसऱ्यावर लादण्यालाही, टांगायला खुंटी लागते.)

हे लिखाण भर रागात करू नका, त्याचं आरोपपत्र होतं. स्वप्नं टिपलीत तर उठल्या उठल्या, वर्तमानकाळात टिपा. स्वप्नांचे अर्थ सांगणारी पुस्तकं मिटलेलीच राहू द्या. एकट्या स्वप्नावरून काही ठरवू नका.

आता चौथ्या नोकरीत पुढचं जादा काम घेण्याआधी विचारा: ‘याला दोन दिवस लागतील, मग हातातलं कोणतं काम मागे ठेवू?’ हे बोलताना जी लाज किंवा भीती वाटेल तीच त्याच रात्री लिहा. वडिलांवरच्या दहा पानांपेक्षा तिच्यातून जास्त हाती लागेल.

दोन-तीन महिन्यांत काही हललं नाही, किंवा झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर एकट्यानं खोदू नका. झोपेचं आणि नकोसेपणाचं असेल तर दोन-तीन महिनेही थांबू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. एरवी मनोगतिक (सायकोडायनॅमिक) पद्धतीनं, म्हणजे जुनी नाती आणि नकळतच्या भावना तपासत, काम करणारे थेरपिस्ट गाठा. काही महिन्यांनी त्यांच्याबद्दलही हाच राग येण्याची शक्यता आहे. सत्र रद्द करावंसं वाटलं, तर आधी ते त्यांनाच सांगा.