वाचकांचे प्रश्न: कोड पुसला तरी चेक इंजिनचा दिवा परत का लागतो?

प्रश्न: माझ्या पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी ०१७१ हा कोड दिसला. गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलून कोड पुसून दिला, पण आठ दिवसांत दिवा पुन्हा लागला. इंजिन थंड असताना आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) थरथरतं, वेग घेतल्यावर गाडी नीट चालते. आता फ्युएल पंप बदला म्हणतात. बदलू का?

उत्तर: इतक्यात नको. पी ०१७१ म्हणजे पहिल्या बँकेचं (सिलिंडरांच्या पहिल्या गटाचं) मिश्रण लीन झालंय, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. कोणता भाग बिघडला ते हा कोड सांगत नाही. तक्रार ऑक्सिजन सेन्सरने केली म्हणून दोष त्याचाच असतो असं नाही, आणि या कोडवर चांगले सेन्सर विनाकारण बदलले जातात.

पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. हवा जास्त दिसली की ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल फवारणारा इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. ही वाढ किंवा घट टक्क्यांत मोजतात, तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (ईसीयूने शिकून साठवलेला) असे दोन आकडे दिसतील, त्यांची बेरीज करा. उणे १० ते अधिक १० पर्यंत चिंता नाही.

इंजिन पूर्ण तापवून आयडलला बेरीज लिहून घ्या. मग २,५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरून पुन्हा बघा. आयडलला अधिक २४ आणि वर नेल्यावर अधिक ५, असं दिसलं तर कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय. आयडलला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद, मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला) व्हॅक्यूम जोरदार आणि एकूण हवा थोडी, म्हणून छोट्या भोकातली हवाही तिथे भारी पडते. आरपीएम वाढले की तीच गळती नगण्य ठरते. उलट, आयडलला ठीक आणि लोड वाढल्यावर ट्रिम चढत गेला, तरच मळलेला मॅफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा), तुंबलेला फ्युएल फिल्टर किंवा फ्युएल पंप यांच्याकडे वळा. तुमची लक्षणं पहिल्या प्रकाराकडे बोट दाखवतात. (ही कसोटी मॅफ सेन्सरवाल्या गाडीची. फक्त मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असेल तर गळतीने ट्रिमपेक्षा आयडलच वाढलेला दिसतो.)

गळती शोधताना मॅफपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा रबरी पाइप हाताने वाकवून बघा. त्याच्या घड्यांच्या तळातली चीर पाइप सरळ असताना मिटलेली असते, ताणल्यावरच तोंड उघडते. त्यानंतर पीसीव्हीचा (क्रँककेसमधले वायू इनटेकमध्ये परत नेणाऱ्या झडपेचा) होज, ब्रेक बूस्टरचा होज आणि डिपस्टिकचं सील. थंडपणीच थरथर जास्त असेल तर इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट संशयास्पद, कारण धातू तापून फुगला की फट कमी होते. डोळ्यांना काही सापडलं नाही तर स्मोक टेस्ट (इनटेकमध्ये धूर सोडून तो कुठून निघतो ते बघणं) करून घ्या. गळती शोधायला चालू इंजिनवर कार्ब क्लीनर मारतात ते टाळा, गरम एक्झॉस्टवर तो पेट घेतो.

मॅफ साफ करायचाच तर त्यासाठीचाच स्प्रे वापरा. त्याच्या आतल्या बारीक तारेला बोट किंवा ब्रश लावू नका, आणि पूर्ण सुकल्याशिवाय बसवू नका.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेममधले (कोड पडला त्या क्षणाच्या नोंदीतले) आरपीएम, लोड आणि कूलंटचं तापमान टिपून ठेवा, पुसल्यावर ते जातं. बऱ्याच गाड्यांत शिकलेला लाँग टर्म ट्रिमही शून्यावर येतो आणि तो पुन्हा चढेपर्यंत दिवा विझलेला राहतो. तुमचे आठ दिवस त्यातच गेले असणार. दुरुस्तीनंतर दिव्याकडे नव्हे, आयडलच्या ट्रिमकडे बघा.

प्रश्न: हाच दिवा चालताना लुकलुकू लागला तर?

उत्तर: तो मिसफायर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो वितळू शकतो. ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा.