पुण्यात कोळी चावला तर विषावरचं इंजेक्शन कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की काल माळा आवरताना आईंच्या हाताला कोळी चावला, बोट सुजलंय, आणि 'कोळ्याची लस' कुठे मिळेल.

आपल्याकडे ती मिळत नाही, आणि आईंना बहुधा लागणारही नाही. मी धायरीत जनरल प्रॅक्टिस करतो. पावसाळ्यात 'डॉक्टर, कोळी मुतला' म्हणत येणारे कितीतरी. शर्ट वर केला की कमरेच्या एकाच बाजूला पाण्याच्या फोडांचा पट्टा. ती नागीण! मानेवर भाजल्यासारखी लाल रेघ असेल, तर दिव्यावर आलेला बारीक किडा झोपेत चिरडलेला असतो. बिचाऱ्या कोळ्याचा संबंधच नसतो.

खरा चावा मी मोजकाच पाहिलाय. पानशेतकडचे एक काका कोळी बरणीत घालूनच आले होते: पंजाएवढा, राखाडी, पुढच्या पायांखाली पिवळे पट्टे. झाडाच्या ढोलीत राहणारा. हात फार सुजला नव्हता, पण काही तासांनी पोटऱ्या आणि मांड्यांत असे गोळे यायला लागले की काका खाटेवर बसू शकेनात. वेदनाशामक, स्नायू सैल करणारं औषध आणि एक रात्र देखरेख, एवढ्यावर भागलं. गोळे मात्र अधूनमधून आठवडाभर येत होते.

आईंचा हात साबणाने धुवा, अंगठी काढा, फडक्यात बर्फ गुंडाळून शेका. दुखलं तर पॅरासिटामॉल. धनुर्वाताचं इंजेक्शन बरीच वर्षं झालं नसेल तर घ्या. चिरा मारू नका, चुना लावू नका. नेटवर घट्ट पट्टी बांधायला सांगतात, ते ऑस्ट्रेलियातल्या फनेल-वेब कोळ्यासाठी. त्यांच्याकडे त्यावर 1981 पासून प्रतिविषही आहे. आपल्याकडची सापाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यावरची. कोळ्यावर तिचा उपयोग शून्य, वर रिॲक्शनची भीती.

दरदरून घाम, पोट कडक होणं, उलट्या, श्वासाला त्रास किंवा चाव्याभोवती काळं पडणं, यांतलं काही दिसलं तर थेट मोठ्या हॉस्पिटलात.

आणि जमिनीवर झोपलेल्या कुणाला रात्री 'काहीतरी चावलं', पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, तर कोळी म्हणून घरी थांबू नका. मण्यारीचा चावा दुखत नाही, खूणही कधी दिसत नाही. तिथे मात्र सापाची लस लागते, तीही लगेच.