पोटॅश संपत नाही, मग ते करतं काय?

तुम्ही विचारलंय की विद्युत अपघटनात, म्हणजे पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढताना, फुटतं पाणी, तर कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, एक अल्कली) घालायचं कशाला, आणि मिठाने काम का भागत नाही.

शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही, कारण तिला वाहून न्यायला पुरेसे आयनच (विद्युतभारित कणच) नसतात. म्हणून कारखान्यात २५-३० टक्के पोटॅशचं द्रावण, तेही ७०-९० अंशांना तापवून वापरतात. कॅथोडवर, म्हणजे ऋण टोकावर, पाण्याचे रेणू इलेक्ट्रॉन घेतात. हायड्रोजन वायू सुटतो आणि मागे हायड्रॉक्साइड आयन उरतात. हे आयन मधल्या सच्छिद्र पडद्यातून ॲनोडकडे, म्हणजे धन टोकाकडे, जातात, तिथे इलेक्ट्रॉन सोडतात आणि त्यांचा ऑक्सिजन व पाणी होतं. पोटॅशियम जसंच्या तसं राहतं, त्यामुळे वरून भरायचं ते फक्त शुद्ध पाणी. मीठ घातलंत तर ॲनोडवर क्लोरीन हा विषारी वायू निघेल. स्टीलचे चमचे वापरून मिठाच्या पाण्याचा प्रयोग घरी करूच नका. स्टीलमधलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरू शकतं. कारखान्यात निकेल वापरतात, ते अल्कलीत टिकतं.

खरं सांगायचं तर पाणी फोडणं सोपं आहे. दोन वायू वेगळे ठेवणं हे खरं काम. पूर्वी हा पडदा ॲस्बेस्टॉसचा असायचा, आता झिर्कोनिया (एक सिरॅमिक) आणि पॉलिसल्फोनचा (एक प्लास्टिक) असतो. तरी थोडा हायड्रोजन पलीकडे ऑक्सिजनच्या बाजूला झिरपतोच. पूर्ण भारावर, म्हणजे पूर्ण वीज देऊन चालवताना, ऑक्सिजन भरपूर निघत असल्याने त्यातलं हायड्रोजनचं प्रमाण नगण्य राहतं. भार कमी केला की ऑक्सिजन घटतो, झिरपणं मात्र फारसं घटत नाही. मिश्रणात हायड्रोजन ४ टक्क्यांच्या आसपास गेला की ते पेट घेऊ शकतं, म्हणून संयंत्र त्याच्या बरंच आधी बंद करतात. ढग आले की ज्याची वीज घटते अशा सौर पॅनेलला असं संयंत्र थेट जोडणं अवघड जातं, ते यामुळेच.

खर्चाचं म्हणाल तर सिद्धांताप्रमाणे एका सेलला, म्हणजे कॅथोड-ॲनोडच्या एका जोडीला, १.२३ व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात १.८ ते २ लागतात. एक किलो हायड्रोजनला साधारण ५० युनिट वीज आणि ९ लिटर पाणी. विजेचा दर ५ रुपये धरला तर नुसत्या विजेचेच अडीचशे झाले. नॉर्वेत र्‍युकानला आणि आपल्याकडे पंजाबात नांगलला खतासाठी असा हायड्रोजन काढायचे, ते धरणाची स्वस्त वीज हाताशी होती म्हणून. नांगलला भाक्राची वीज होती, आणि १९६२ साली त्याच कारखान्याच्या जोडीने देशातलं पहिलं जड पाण्याचं (ज्यात हायड्रोजनचं जड रूप असतं त्या पाण्याचं) संयंत्र सुरू झालं. पुढे नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन स्वस्तात मिळू लागला आणि ही पद्धत मागे पडली.